चष्मा जाईल, डोळा तोच राहील

परीक्षा संपल्या की आपल्याकडे दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक निकालाची, आणि दुसरी, विशेषतः मुलींच्या घरी, पुढच्या आयुष्याची मांडामांड करण्याची. या मांडामांडीत अलीकडे एक नवे काम येऊन बसले आहे, ते म्हणजे ‘डोळ्यांचे लेझर उरकून घेणे’. ‘उरकून घेणे’ हा शब्द माझा नव्हे. तो सर्रास कानांवर पडतो. कान टोचून घ्यावेत, दाढ काढून घ्यावी, तसे सुट्टीत लेझर उरकून घ्यावे! शस्त्रक्रिया कशी असते, ती काय देते आणि काय देत नाही, याची चौकशी करण्याआधीच तिची तारीख ठरलेली असते. या एका शब्दामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने डोळ्यांच्या शस्त्रक्रियेवर लिहावे काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार डॉक्टरांचा असला, तरी ती करून घ्यावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार डोळ्याच्या मालकाचा आहे. आणि मालकाने आपल्या वस्तूची माहिती करून घेणे हे कोणत्याही शाखेच्या अभ्यासक्रमाबाहेरचे नाही. मी स्वतः सातवीपासून चष्मा लावते. ‘ढापणी’ आणि ‘बॅटरी’ या दोन्ही पदव्या मला बी. ए. होण्याच्या कितीतरी आधी मिळालेल्या आहेत. तेव्हा या विषयात मला रस का, हे वेगळे सांगायला नको.

प्रथम शाळेत शिकलेलेच थोडे आठवू या. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशकिरणांना वाकवून ते मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमके एकत्र आणण्याचे काम दोघे मिळून करतात: समोरचे काचेसारखे पारपटल आणि आतले भिंग. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यांतील सुमारे ४३ एकट्या पारपटलाची असते. हे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. म्हणजे साधारण ५४० मायक्रॉन. एक मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात एकही रक्तवाहिनी नसते. प्राणवायू ते अश्रूंवाटे सरळ हवेतून घेते. इतके नाजूक, इतके पारदर्शक आणि इतके कष्टाळू दुसरे काही आपल्या शरीरात क्वचितच असेल.

आता आमच्यासारख्या उणे नंबरवाल्यांचे दुखणे काय? निकटदृष्टितेत बहुधा डोळ्याचा गोळाच पुढून मागे थोडा लांब झालेला असतो. त्यामुळे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि फळ्यावरची अक्षरे विरघळून जातात. लेझर काय करते? ते डोळ्याची ही लांबी कमी करीत नाही. ते समोरच्या पारपटलाचा मधला भाग अगदी किंचित तासून सपाट करते, म्हणजे किरण कमी वाकतात आणि पडद्यावर जाऊन पोहोचतात. दोष मागे आहे आणि दुरुस्ती पुढे होते. घराचा पाया खचला म्हणून दाराची चौकट तासून दार नीट लागेल असे करावे, तसाच हा प्रकार. दार नीट लागते, यात शंका नाही. पाया मात्र होता तेथेच राहतो. या शस्त्रक्रियेकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, याचे बहुतेक सारे उत्तर या एका गोष्टीत आहे. म्हणूनच ती आरंभी सांगितली.

ही विद्या काही एका रात्रीत आली नाही. पारपटलाचा आकार बदलून नंबर घालवावा ही कल्पना कोलंबियातील बोगोटा येथील डॉ. होसे बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रत्यक्षात आणायला आरंभ केला. १९७०च्या दशकात मॉस्कोचे डॉ. फ्योदोरोव यांनी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेऊन नंबर उतरविण्याची पद्धत पुढे आणली. जगभर तिचे मोठे कौतुक झाले. मग अमेरिकेत अशा रुग्णांची दहा वर्षे पाहणी झाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत असे दिसले की, ४३ टक्के डोळ्यांचा नंबर हळूहळू दुसऱ्या बाजूला, म्हणजे दूरदृष्टितेकडे, एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक सरकला होता. पहिल्या वर्षीचा आनंद आणि दहाव्या वर्षीचा हिशेब हे दोन्ही पाहावे लागतात, हा त्यातला धडा. ती पद्धत आता मागे पडली आहे. धडा मात्र मागे पडू नये.

लेझरची कथा अधिक मनोरंजक आहे, आणि तिच्यात आपल्या देशात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासचे. मद्रास विद्यापीठात शिकून ते अमेरिकेस गेले आणि आय. बी. एम. कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथे ते आणि त्यांचे सहकारी ब्लम व विन हे एक्सायमर नावाच्या अतिनील लेझरवर संशोधन करीत होते. १९८१च्या नोव्हेंबरात सणाच्या मेजवानीतून उरलेले टर्कीचे मांस श्रीनिवासन यांनी प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर हे लेझर चालविले. कडा न जळता, न करपता, अगदी स्वच्छ खाच पडली! हे किरण ऊतीला भाजत नाहीत. तिच्या रेणूंचे बंध तोडून तिचा थर उडवून लावतात. एका स्पंदात सुमारे पाव मायक्रॉन. पुढे डॉ. ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर १९८३ साली पारपटलावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. १९८८ साली डॉ. मार्गरीट मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेत चांगली दृष्टी असलेल्या डोळ्यावर प्रथम ही शस्त्रक्रिया केली. तो डोळा ज्या बाईचा होता, तिला कर्करोगामुळे तो काढून टाकावाच लागणार होता. काढण्यापूर्वी तिने तो प्रयोगासाठी देऊ केला. आज सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या आपणा लोकांना या बाईची आठवण असावी, असे मला वाटते.

सध्या ही शस्त्रक्रिया मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिल्या आणि सर्वांत जुन्या पी. आर. के. पद्धतीत पारपटलावरचे पातळ आवरण बाजूला करून थेट लेझर चालवितात. आवरण पुन्हा वाढेपर्यंत चारपाच दिवस डोळ्यावर संरक्षक लेन्स ठेवतात. ते दिवस बरेच दुखरे असतात आणि दृष्टी पूर्ण स्थिरावायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. दुसरी ‘लॅसिक’; १९९०च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर डॉ. पालिकारिस यांनी ती रूढ केली. तीत पारपटलाचा सुमारे शंभर ते एकशेवीस मायक्रॉनचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर चालवितात आणि पान पुन्हा जागेवर बसवितात. पान पूर्वी सूक्ष्म पात्याने कापीत. आता ते पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या एका लेझरने कापतात. तिसरी ‘स्माइल’, तीत पान न उलटता पारपटलाच्या आतच लेझरने एक पातळ चकती कोरून ती दोनचार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. अमेरिकेत तिला २०१६ साली मान्यता मिळाली. कोणती पद्धत नवी, कोणती महाग, यावरून आपण श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवितो. वस्तुतः प्रश्न असा असतो की, या डोळ्याला कोणती मानवेल?

येथे थोडे गणित आवश्यक आहे. एक नंबर उतरविण्यासाठी साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन जाडी खर्च होते. उणे पाच नंबर असेल तर साठ ते पंचाहत्तर. लॅसिकमध्ये वरच्या पापुद्र्याचे शंभर-एकशेवीस वेगळे, कारण तो परत बसविला तरी पारपटलाच्या बळकटीत त्याची पूर्वीसारखी भर पडत नाही. आणि खाली निदान अडीचशे मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत. पुष्कळ डॉक्टर तीनशेचा आग्रह धरतात. म्हणजे ज्याचे पारपटल मुळातच पातळ आणि नंबर मोठा, त्याचा हिशेब जुळत नाही. अशा माणसाला डॉक्टर ‘नाही’ म्हणाले तर त्याने दुसऱ्या दाराशी जाऊन ‘होय’ शोधू नये. तासलेले परत चिकटविता येत नाही.

म्हणूनच या शस्त्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा भाग तिच्या आधीच्या तपासणीत असतो, आणि आपण नेमके तिकडेच दुर्लक्ष करतो. पारपटलाची जाडी, त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा, अश्रूंचे प्रमाण, अंधारात बाहुली किती मोठी होते, डोळ्यातील दाब, आणि औषध घालून बाहुली मोठी करून पाहिलेले दृष्टिपटल, इतके सारे पाहावे लागते. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी आधी काही दिवस, कडक लेन्स असतील तर काही आठवडे, त्या बंद ठेवाव्या लागतात. कारण लेन्सने पारपटलाचा आकार बदललेला असतो आणि मोजमाप खोटे येते. वय निदान अठरा हवे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंबर स्थिर हवा. वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा अधिक फरक पडता कामा नये. वाढत्या नंबरावर लेझर करणे म्हणजे वाढत्या मुलाला लग्नाचा कोट शिवण्यासारखे आहे.

कोणी ही शस्त्रक्रिया मुळीच करून घेऊ नये, तेही ठाऊक असावे. ज्यांना केरॅटोकोनस नावाचा विकार आहे, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, त्यांनी तर नाहीच. हा विकार बहुधा तरुण वयातच सुरू होतो. आरंभी तो केवळ तिरपा नंबर वारंवार बदलण्यातून दिसतो, आणि सतत डोळे चोळण्याची सवय त्याला पोषक ठरते. धुळीने, ॲलर्जीने डोळे खाजणारे आपल्याकडे किती आहेत! अशा डोळ्यावर लेझर चालविले तर पारपटल आणखी खचत जाते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर बदलत असतो, म्हणून तेव्हाही नको. डोळे अतिशय कोरडे असणारे, तसेच काही संधिवातासारखे विकार असणारे यांनीही थांबलेले बरे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची भीती मात्र आपण वाजवीपेक्षा जास्त बाळगतो. इंजेक्शन नसते, थेंब घालून डोळा बधिर करतात. पापण्या मिटू नयेत म्हणून एक लहानशी चिमट्यासारखी वस्तू बसवितात. लॅसिकमध्ये पापुद्रा कापताना डोळ्यावर दाब येतो आणि क्षणभर समोरचे अंधारते. याची आधी कल्पना नसेल तर माणूस घाबरतो. लेझर चालू असताना एका प्रकाशबिंदूकडे पाहत राहायचे असते. काहींना जळक्यासारखा वास येतो. लेझरचे काम काही सेकंदांचे, फार तर मिनिटाचे. बाहेर येताना सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते. लॅसिक झालेल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ चष्म्याशिवाय दिसते, आणि हा आनंद खरोखरच मोठा असतो. सकाळी उठल्यावर उशाशी चष्मा चाचपडणे ज्याने वर्षानुवर्षे केले आहे, त्यालाच तो कळेल.

त्यानंतर मात्र पथ्य पाळायचे असते. काही आठवडे थेंब घालणे, डोळे मुळीच न चोळणे, डोळ्यांत पाणी जाऊ न देणे, पोहणे बंद, काजळ बंद, धूळधुरापासून जपणे. सुट्टीत ‘उरकून’ चौथ्या दिवशी नात्यातल्या लग्नात होमाच्या धुरात बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता निकालाकडे वळू. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने लॅसिक झालेल्यांनाच प्रश्न विचारून एक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीविषयी समाधानी होते. ही गोष्ट मोठीच आहे. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु त्याच पाहणीत दुसरी बाजूही आहे. आधी तसली कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी काही ना काही नवीन दिसू लागले होते: दिव्याभोवती वलय, चकाकी, किरणांचे फाटे किंवा दुहेरी प्रतिमा. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी कोरडेपणाची तक्रार होती. अशा एखाद्या त्रासाने रोजचे व्यवहार फार अवघड झाले असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे काय? म्हणजे पुष्कळांना थोडासा बदल सोसावा लागतो आणि तो सोसूनही ते खूष असतात. फार थोड्यांना मात्र तो फार जड जातो. कोरडेपणा येतो तो पारपटलातल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून. बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते वर्षभरात तो ओसरतो. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. उरलेले आकडे विचारून घ्यावे लागतात.

आता ज्या अपेक्षा मुळीच करू नयेत त्यांविषयी. पहिली, ‘आता जन्मभर चष्मा नाही’ ही. आपल्या भाषेने वाचण्याच्या चष्म्याला ‘चाळिशी’ असे नावच देऊन ठेवले आहे! चाळिशीच्या आसपास आतले भिंग कडक होऊ लागते आणि जवळचे दिसेनासे होते. लेझर पारपटलावर चालते. भिंगाच्या वयाला त्याचा स्पर्शही होत नाही. उलट गंमत अशी की, उणे नंबरवाला माणूस चाळिशीनंतर चष्मा काढून सुईत दोरा ओवू शकतो. लेझर केलेल्याला ती सोय उरत नाही. विसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करणाऱ्याला वीस-बावीस वर्षांची मोकळीक मिळते असे समजावे. ती थोडी नाही, पण जन्मभराची नाही.

दुसरी अपेक्षा, ‘आता डोळा निरोगी झाला’ ही. डोळ्याचा गोळा लांब तो लांबच. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यांत दृष्टिपटल ताणलेले, पातळ असते. ते फाटण्याचा, सुटण्याचा धोका नंबर गेल्यावरही तसाच राहतो. चष्मा असताना माणूस दोनतीन वर्षांनी का होईना नंबर तपासायला जातो. चष्मा गेला की तेही बंद होते. हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. एकाएकी डोळ्यांपुढे काळे ठिपके वाढले, विजेसारखे चमकले, पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे, मग चष्मा असो वा नसो. शिवाय पारपटल पातळ झाल्यावर डोळ्यातील दाब यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. आणि पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या कृत्रिम भिंगाचे माप काढताना जुन्या पारपटलाची मोजमापे फार उपयोगी पडतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीचे सारे कागद जपून ठेवावेत. आपण मार्कशीट लॅमिनेट करून ठेवतो आणि डोळ्याचे कागद रद्दीत घालतो!

इथवर झाली माहिती. आता ज्यासाठी लेखणी उचलली तो प्रश्न. ही शस्त्रक्रिया आपण कोणासाठी करून घेतो?

जी खेळाडू आहे, जिला चष्मा लावून धावता येत नाही. ज्याच्या नाकावर जाड काचांचा भार आहे, ज्याला लेन्स सोसत नाहीत. ज्याला केवळ स्वतःच्या मनाला मोकळे वाटावे म्हणून चष्मा नको आहे. या सर्वांचा हेतू मला रास्त वाटतो. ‘देवाने दिलेल्या डोळ्यांत ढवळाढवळ कशाला’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. देवाने दिलेल्या डोळ्यांपुढे काच धरणे हीदेखील ढवळाढवळच आहे, आणि तिच्यावाचून माझे एकही पुस्तक वाचून झाले नसते.

परंतु पुष्कळ मुली शस्त्रक्रियेच्या खोलीत जातात त्या स्वतःच्या पायांनी असल्या, तरी दुसऱ्याच्या इच्छेने. वधूवरसूचक मंडळाच्या फॉर्मात रंग आणि उंची यांच्याशेजारी चष्म्याचाही रकाना असतो. पाहण्याच्या कार्यक्रमात चष्मा काढून बसवलेली मुलगी समोर कोण बसले आहे हे न दिसताच कांदेपोहे देऊन येते. जिला पाहायचे आहे तिलाच दिसू नये, अशी आपली व्यवस्था! आता त्यावर उपाय म्हणून मुलीच्या पारपटलाचे साठ-सत्तर मायक्रॉन तासावयाचे. मुलग्याच्या चष्म्याला मात्र ‘अभ्यासू’ म्हणतात. नंबर लपविण्यासाठी शस्त्रक्रिया करणारे आणखी एक विसरतात: निकटदृष्टितेत आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि लेझर आईचे पारपटल बदलते, तिने मुलांना द्यायचा वारसा बदलत नाही. ज्या घराला चष्मा चालत नाही, त्या घराला उद्या चष्मेवाले नातवंड कसे चालणार?

दुसरा दबाव नोकरीचा आहे, आणि तो खरा आहे. सैन्य, पोलीस, रेल्वे अशा भरतीसाठी मुले लेझर करून घेतात. येथे हेतू योग्य असला तरी चौकशीवाचून केलेली घाई महागात पडते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या २०१८च्या जाहिरातीत, लॅसिक किंवा नंबर घालविण्याची अन्य शस्त्रक्रिया केलेला उमेदवार त्या पदास अपात्र, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे ज्या नोकरीसाठी शस्त्रक्रिया केली, तिनेच त्या नोकरीचे दार बंद व्हावे! काही सेवांत ती चालते, पण अमुक वयानंतर, शस्त्रक्रियेला अमुक काळ लोटल्यावर, अमुक मोजमापे असतील तरच. तेव्हा आधी त्या भरतीचे वैद्यकीय नियम मुळातून वाचावेत, मग डॉक्टरांकडे जावे. क्लासच्या बाहेर मिळणारा सल्ला हा नियम नव्हे.

तिसरी गोष्ट पैशाची. आरोग्यविमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी पॉलिसी वाचावी. विमा नियामक प्राधिकरणाने ठरविलेल्या नमुन्यानुसार साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालविण्याचा खर्च वगळता येतो. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा खर्च घरच्याच खिशातून. तो करताना जगाची दुसरी बाजूही डोळ्यांआड होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात निदान शंभर कोटी लोकांचा दृष्टिदोष असा आहे, की तो टाळता आला असता किंवा ज्यावर अद्याप इलाजच झालेला नाही. आणि त्यांतील फार मोठा वाटा केवळ चाळिशीचा चष्मा न मिळालेल्यांचा आहे. आपल्याच गावांत बाजरी निवडताना खडे न दिसणाऱ्या आज्या आणि फळा दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली मुले आहेत. चष्मा ही लाज वाटण्याची वस्तू आहे असे आपण मानतो, तेव्हा चष्म्याची गरज असलेले मूल तो मागत नाही, याचीही जबाबदारी आपल्यावर येते. चष्मा उतरविण्याचे स्वातंत्र्य असावे. चष्मा लावण्याची लाज मात्र नसावी.

माझ्या घरीही या सुट्टीत लेझरचा विषय निघाला. गेल्या वर्षी माझा नंबर पाऊण डायॉप्टरने वाढला आहे. तेव्हा तो वर्षभर स्थिर राहिलेला दिसेपर्यंत थांबायचे, असे मी ठरविले आणि आईबाबांना ते पटलेही. पुढे तपासणी अनुकूल आली तर कदाचित मी करूनही घेईन. पण तेव्हाही कारण माझे असेल.

मित्रमैत्रिणींनो, ज्यांना ही शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे त्यांनी जरूर करून घ्यावी. पण सही करण्यापूर्वी डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. माझे पारपटल किती जाड आहे, आणि नंतर किती शिल्लक राहील? त्याच्या नकाशात काही संशयास्पद आहे काय? माझा नंबर खरोखर स्थिर आहे काय? माझे डोळे कोरडे आहेत काय? रात्री वाहन चालविताना काय फरक पडेल? थोडा नंबर उरला तर पुढे काय? आणि सर्वांत शेवटी, तुम्ही मला ‘करू नका’ असे कोणत्या परिस्थितीत सांगाल? जो डॉक्टर या शेवटच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देईल, त्याच्या हाती डोळा निर्धास्तपणे द्यावा.

आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र डॉक्टरांना विचारायचा नाही. तो रात्री चष्मा काढून ठेवताना स्वतःलाच विचारायचा: हा चष्मा मला नको आहे, की तो मला पाहणाऱ्यांना नको आहे? पहिले उत्तर आले तर चौकशी करून खुशाल पुढे जावे. दुसरे आले, तर लेझरची गरज आपल्या डोळ्याला नाही, पाहणाऱ्याच्या नजरेला आहे. आणि ती नजर तासणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. ते काम तुम्हाआम्हालाच करावे लागेल.